मासेमारी आणि मत्स्यसंवर्धनावर बोलणाऱ्या नामवंतांचा अधिकार कसा तपासावा

माशांविषयी जाहीरपणे बोलणारी माणसे अनेक प्रकारची असतात. गळाने अवाढव्य मासे पकडून दाखवणारा दूरचित्रवाणीवरचा निवेदक, पाण्याखाली हजारो तास घालवलेली संशोधक, विद्यापीठात माशांच्या साठ्यांचे गणित मांडणारा प्राध्यापक, मच्छीमारांचा नेता, ताटातल्या माशाबद्दल बोलणारा शेफ आणि एखाद्या मोहिमेला आपले नाव देणारी अभिनेत्री, या सगळ्यांचे बोलणे आपण साधारण सारख्याच विश्वासाने ऐकतो, कारण त्यांच्या म्हणण्याची शहानिशा करण्याचे साधन आपल्या हाताशी नसते. जंगल तुटले तर डोळ्यांना दिसते. मासा मात्र पाण्याखाली असतो, तो मोजायला कुणी सहज जाऊ शकत नाही, आणि म्हणून त्याच्याविषयी केलेले चुकीचे विधानही वर्षानुवर्षे खपून जाते. अशाच विधानांवर पुढे बंदीचे निर्णय होतात, पकडीच्या मर्यादा ठरतात, कुणाची रोजीरोटी जाते आणि कुठला तरी मासा वाचतो किंवा संपतो. त्यामुळे बोलणाऱ्याचा अधिकार तपासण्याची एक पद्धत प्रत्येक वाचकाला ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते.

आधी दावा वेगळा काढा

कोण बोलत आहे हे पाहण्यापूर्वी काय म्हटले आहे ते एका वाक्यात लिहून काढावे. मग ते वाक्य कोणत्या जातीचे आहे ते ठरवावे. मासा कुठे सापडेल आणि कसा पकडावा, हे कौशल्याचे विधान झाले. तो काय खातो, केव्हा अंडी घालतो, किती वर्षे जगतो, हे जीवशास्त्राचे. एखाद्या समुद्रात किंवा नदीत त्याचा साठा, म्हणजे तिथे असलेले त्या जातीचे एकूण मासे, किती उरला आहे आणि दर वर्षी किती काढला तर तो टिकेल, हे साठ्याच्या मूल्यमापनाचे. बंदी घालावी, कोटा ठरवावा की राखीव क्षेत्र करावे, हे धोरणाचे. आणि मासा मारावा की मारूच नये, हे मूल्यांचे विधान आहे. ही पाच क्षेत्रे एकमेकांना लागून असली तरी एकातली जाण दुसऱ्यात आपोआप येत नाही, आणि बहुतेक घोटाळे याच सीमारेषांवर होतात, कारण प्रसिद्धी एका क्षेत्रात मिळालेली असते आणि विधान दुसऱ्या क्षेत्रातले असते.

दूरचित्रवाणी निवेदक जेरेमी वेड यांचे उदाहरण घ्या. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेले, काही काळ जीवशास्त्र शिकवलेले आणि जगभरच्या नद्यांत गळ टाकून बसलेले हे गृहस्थ एखादा मोठा मासा कोणत्या डोहात आणि कोणत्या पाण्यात सापडेल हे सांगतात, तेव्हा त्यामागे दीर्घ अनुभव असतो आणि शिक्षणाचा आधारही असतो. पण त्याच नदीत त्या जातीचे किती मासे उरले आहेत, हा प्रश्न एका माणसाच्या गळाने सुटणारा नाही, मग तो माणूस कितीही निष्णात असो. तिथे वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात. मेकाँग नदीत मत्स्यजीवशास्त्रज्ञ झेब होगन आणि त्यांचे सहकारी अशा नोंदींचे काम करतात. २०२२ च्या जूनमध्ये कंबोडियात एका मच्छीमाराच्या गळाला ३०० किलो वजनाचा गोड्या पाण्यातला पाकट लागला, तेव्हा या गटाने त्याला मोजून, त्याच्या अंगावर माग काढणारे उपकरण बसवून पुन्हा पाण्यात सोडले. त्या प्रसंगाची बातमी माशाच्या आकारामुळे झाली असली, तरी अभ्यासकाच्या दृष्टीने सुटल्यानंतर तो मासा कुठे कुठे जातो ही माहिती त्याच्या वजनाहून मोलाची असते.

सिल्व्हिया अर्ल यांच्या बाबतीत हीच विभागणी आणखी काळजीपूर्वक करावी लागते. त्यांची डॉक्टरेट समुद्री शेवाळांवरची आहे, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या अमेरिकेच्या सागरी व वातावरणीय संस्थेच्या मुख्य शास्त्रज्ञ होत्या आणि पाण्याखाली घालवलेल्या वेळेच्या बाबतीत त्यांच्या जवळपास येणारी माणसे मोजकीच. प्रवाळभित्तींवर त्यांनी स्वतः पाहिलेल्या बदलांविषयी त्या सांगतात, तेव्हा ती वजनदार साक्ष असते. मासे खाऊच नयेत असे त्या म्हणतात, तेव्हा मात्र ती एक विचारपूर्वक स्वीकारलेली नैतिक भूमिका असते. ती मान्य करण्यात काहीच वावगे नाही, परंतु ती कुठल्या विशिष्ट साठ्याच्या मोजणीतून निघालेला निष्कर्ष आहे, असे समजून पुढे सांगू नये.

विधान कोणत्या काळातले आहे हेही याच पायरीवर पाहून घ्यावे. जाक कूस्तो हे नौदलातले अधिकारी, एमिल गान्यां या अभियंत्यासोबत १९४३ मध्ये पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र बनवणारे, आणि जीवशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसलेले. १९५० च्या दशकातल्या त्यांच्या गाजलेल्या माहितीपटात प्रवाळभित्तीवरचे मासे मोजण्यासाठी स्फोटके वापरलेली दिसतात आणि शार्क मारलेलेही दिसतात. पुढे हेच कूस्तो समुद्र वाचवा असे सांगणारा जगातला सर्वांत ओळखीचा आवाज ठरले. त्यांचे नाव घेऊन कुणी काही सांगत असेल, तर ते कोणत्या वर्षांतल्या कूस्तोंचे म्हणणे आहे, हे विचारायला हवे.

साठ्याविषयीचे विधान

सर्वांत जास्त सावधगिरी हवी ती इथे. ‘मासा संपत चालला आहे’ आणि ‘मासा भरपूर आहे’ ही दोन्ही वाक्ये बोलायला सारखीच सोपी आहेत, आणि दोन्हींच्या मागे काय असायला हवे, याची थोडी कल्पना असल्याशिवाय बोलणारा किती पाण्यात आहे हे कळत नाही.

साठ्याचा अंदाज बांधताना संशोधन नौका ठरावीक ठिकाणी, ठरावीक जाळ्याने, वर्षामागून वर्ष सारख्याच पद्धतीने ओढ घेतात. पकडलेल्या माशांच्या कानातले चुनखडीचे खडे कापून झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी त्यांतली वलये मोजून वय काढले जाते. बंदरांवर उतरलेल्या पकडीची नोंद घेतली जाते. आणि या सगळ्यावरून गणिती प्रतिमान मांडले जाते. त्यातून येतो तो एक आकडा नसून आकड्यांचा पट्टा असतो. साठ्यावर अधिकाराने बोलणारी व्यक्ती हा पट्टा सांगते, माहिती कोणत्या वर्षापर्यंतची आहे ते सांगते आणि साठ्याच्या सीमा कुठल्या ते सांगते. एकाच जातीचे दोन साठे दोन टोकांच्या अवस्थेत असू शकतात, त्यामुळे जातीचे नुसते नाव घेऊन केलेले विधान अर्धवट समजावे.

न्यूफाउंडलंडच्या कॉडची कहाणी या बाबतीत विस्ताराने सांगण्यासारखी आहे. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाचे मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरेकडच्या कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली, तेव्हा तीस हजारांहून अधिक लोकांचे काम गेले. बंदी आधी दोन वर्षांसाठी होती, ती उठायला २०२४ साल उजाडले. १९८० च्या दशकात शासकीय शास्त्रज्ञांनी साठा प्रत्यक्षात होता त्यापेक्षा बराच मोठा धरला होता, आणि त्यामागचे एक कारण असे, की खोल समुद्रातल्या ट्रॉलरना दर तासाला मिळणारी पकड चांगली राहिली होती. साठा आटत असताना उरलेला कॉड मोजक्या जागी दाटीवाटीने जमत होता, ट्रॉलरना त्या जागा नेमक्या सापडत होत्या, आणि जाळी भरत राहिल्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटत राहिले. याच काळात किनाऱ्याजवळ लहान होड्यांनी मासेमारी करणारे लोक मासा कमी आणि लहान येत असल्याची तक्रार करत होते. पाणी थंड झाल्यामुळे मासा किनाऱ्याकडे येत नसावा, असे त्यावर सांगितले जात होते. शेवटी १९८६ मध्ये त्यांच्या संघटनेने स्वतःच्या पैशाने स्वतंत्र शास्त्रीय तपासणी करून घेतली.

या घटनेवरून ‘शास्त्रज्ञांना काही कळत नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात, पण चूक शोधून काढली तीही शास्त्रीय पद्धतीनेच. वाचकाने यातून घ्यायचा प्रश्न अगदी नेमका आहे. कुणी ‘अजून भरपूर मासा मिळतो’ असे सांगत असेल, तर ती व्यक्ती साठ्याविषयी बोलत आहे की स्वतःच्या पकडीविषयी? आणि मासा शोधण्याची साधने, इंजिने, जाळी या काळात बदलली का, याचा हिशेब तिने धरला आहे का? हा फरक ज्याला न विचारता स्पष्ट करता येतो, त्याचे साठ्याविषयीचे बोलणे पुढे ऐकावे. ‘यंदा मासाच नाही’ असे म्हणणाऱ्यालाही हाच नियम लावावा, कारण एका हंगामाची एका ठिकाणची पकड दोन्ही दिशांनी फसवते.

मोठे नाव आणि मोठी पदवी असलेल्या माणसाचे विधान उद्धृत करताना त्यातली अट गळून पडली नाही ना, हेही पाहावे. १८८३ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शनात टॉमस हक्सली यांनी कॉड, हेरिंग, मॅकरेल यांसारख्या मोठ्या सागरी मासेमारी बहुधा अक्षय आहेत, असे सांगितले. हक्सली त्या काळातले अग्रगण्य जीवशास्त्रज्ञ होते, शिवाय मत्स्यव्यवसायाचे शासकीय निरीक्षकही होते. पण त्यांनी ‘मासेमारीच्या आपल्या सध्याच्या पद्धती पाहता’ अशी अट घातली होती, आणि नदीतला सामन (सॅल्मन) मासा किंवा कालवांचे थर संपू शकतात हेही त्याच भाषणात मान्य केले होते. वाफेवर चालणारे ट्रॉलर त्याच सुमारास पसरत होते. पद्धती बदलल्या, अट मोडली, आणि विधान मात्र अटीविना फिरत राहिले.

आकड्याचा माग

नामवंतांच्या तोंडी एखादा आकडा आला, की तो कुठून निघाला इथपर्यंत मागे जावे. ‘२०४८ पर्यंत समुद्रातले मासे संपतील’ हे वाक्य आपण सर्वांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते. त्याचे मूळ बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या एका शोधनिबंधात आहे. त्या निबंधाचा मुख्य विषय जैवविविधता कमी झाल्यावर सागरी परिसंस्थेचे काय होते हा होता, आणि २०४८ हे वर्ष त्यातल्या एका आलेखाची रेषा पुढे ओढल्यावर येत होते. शिवाय त्यात ‘कोसळलेली’ मासेमारी म्हणजे जिची पकड आजवरच्या कमाल पकडीच्या दहा टक्क्यांच्या खाली गेली आहे ती, अशी व्याख्या होती. पकड तर नियम कडक केल्यामुळेही खाली येते. मत्स्यशास्त्रज्ञ रे हिलबोर्न यांनी या निष्कर्षावर कडाडून टीका केली. नंतर वर्म आणि हिलबोर्न यांनी इतर अनेकांसह एकत्र काम केले आणि २००९ मध्ये संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. नीट अभ्यासलेल्या दहा परिसंस्थांपैकी पाच ठिकाणी मासेमारीचा दाब कमी झाला आहे, तरीही मूल्यमापन झालेल्या साठ्यांपैकी ६३ टक्के साठ्यांना सावरण्याची गरज आहे, असे त्यात म्हटले होते.

म्हणजे २०४८ चा दावा त्याच्या मूळ लेखकानेच पुढे अधिक नेमक्या विधानाने बदलला. तरीही २०२१ मधल्या एका गाजलेल्या माहितीपटात ते वर्ष पुन्हा आले आणि त्यानंतर कितीतरी प्रसिद्ध व्यक्तींनी ते पुढे पाठवले. मला इथे दोन वैज्ञानिकांचे वागणे फार मोलाचे वाटते. जाहीर वादानंतर ते एकाच टेबलाशी बसले, एकमेकांची माहिती तपासली आणि दोघांना मान्य होईल तेवढेच लिहिले. ज्यांची भूमिका पुराव्यापुढे हलू शकते अशा माणसांची नावे लक्षात ठेवावीत. आणि २०४८ चा आकडा कुणी आजही सांगत असेल, तर त्या व्यक्तीने २००९ नंतरचे वाचलेले नाही, इतके खुशाल समजावे.

कधीकधी दोन्ही आकडे खरे असतात आणि तरी चित्र वेगवेगळे उभे राहते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२१ साली जगातल्या मूल्यमापन केलेल्या सागरी साठ्यांपैकी ६२.३ टक्के साठे टिकाऊ पातळीत होते आणि ३७.७ टक्क्यांवर अतिरेकी मासेमारी झालेली होती. त्याच अहवालात असेही आहे, की वजनाने पाहिले तर बंदरावर उतरलेल्या पकडीपैकी सुमारे ७७ टक्के मासळी टिकाऊ साठ्यांतून आलेली होती. पहिल्या आकड्यात छोटा साठा आणि मोठा साठा सारखाच मोजला जातो, दुसऱ्यात मोठ्या साठ्याला जास्त वजन मिळते. उद्योगाचा प्रवक्ता बहुधा दुसरा आकडा सांगतो, आणि मोहीम चालवणारा पहिला. दोन्ही सांगणारी व्यक्ती मिळाली, तर ती जपून ठेवावी.

जुनी झालेली माहिती हा याचाच एक उपप्रकार. अटलांटिक ब्लूफिन ट्यूना धोक्यात आहे, हे अनेक वर्षे खरे होते. कडक कोट्यांनंतर सप्टेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘किमान चिंता’ या वर्गात आली. मात्र पश्चिम अटलांटिकमधला तिचा मूळ साठा अजूनही खालावलेलाच असल्याचे त्याच वेळी सांगितले गेले. संवर्धनाविषयी कळकळीने बोलणारी व्यक्ती जर हे यशही सांगत असेल, तर तिची कळकळ माहितीसह चालते. यश सांगितले तर लोक निष्काळजी होतील, या भीतीने ते दडवणे मला योग्य वाटत नाही, कारण नियम पाळल्याने मासा परत येतो हा संवर्धनाच्या बाजूचाच सर्वांत भक्कम पुरावा आहे.

फोटो, वजन आणि हात

गळाने मासे पकडणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींची परीक्षा बरीचशी त्यांच्या चित्रफितींतच होते, आणि ती करायला पदवी लागत नाही.

आधी वजन. माशाची लांबी दुप्पट झाली, तर वजन साधारण आठपट होते, कारण तो जाडीने आणि उंचीनेही वाढतो. प्रत्येक जातीसाठी लांबी आणि वजन यांचे प्रमाण काढलेले असते आणि फिशबेस या खुल्या कोशात ते पाहायला मिळते. समजा, एखाद्या जातीचा अर्धा मीटर लांबीचा मासा दीड किलोचा भरतो; तर एक मीटरचा बारा किलोच्या आसपास भरेल. कुणी त्या लांबीचा मासा वीस किलोचा म्हणून सांगत असेल, तर त्याला पुरावा मागावा. फोटोत हात पूर्ण पुढे ताणून मासा कॅमेऱ्याजवळ धरला असेल, तर माशाला धरलेल्या बोटांची जाडी आणि चेहऱ्याचा आकार यांची तुलना करावी. बोटे चेहऱ्याच्या मानाने अवाजवी जाड दिसली, तर मासाही तितक्याच पटीने फुगलेला असतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ईरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत संचालकाला संशय आला तो याच कारणाने: माशांचे वजन त्यांच्या दिसण्याशी जुळेना. पोट कापल्यावर आतून शिशाचे गोळे निघाले आणि पुढच्या वर्षी दोघा स्पर्धकांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

विक्रमाचा दावा असेल, तर तो कुणी तपासला हे पाहावे. १९३९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय गळमासेमारी संघटना विक्रमासाठी प्रमाणित काटा, दोरीचा नमुना, छायाचित्रे आणि साक्षीदार मागते. जॉर्ज पेरी यांचा लार्जमाउथ बास माशाचा १९३२ चा विक्रम २२ पौंड ४ औंसांचा. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून जेमतेम एक औंस जास्त वजनाचा मासा पकडला. संघटनेने महिनोन्‌महिने चौकशी केली, कुरिता यांची खोटे पकडण्याच्या यंत्रावर चाचणीही घेतली, आणि नियमाप्रमाणे किमान दोन औंसांचा फरक नसल्यामुळे विक्रम पेरींच्या बरोबरीचा म्हणून नोंदवला. अशी तपासणी झालेला दावा आणि स्वतःच जाहीर केलेला दावा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

आता हात. ‘पकडा आणि सोडा’ असे सांगणारी व्यक्ती मासा सोडण्याआधी काय करते, ते आवाज बंद करून पाहावे. हात ओले केले का? कोरड्या हाताने आणि कोरड्या कापडाने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच थर माशाला जंतूंपासून व बुरशीपासून वाचवतो. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवला, की दोन्ही हातांनी पोटाखाली आडवा आधार दिला? बोटे कल्ल्यांत गेली का? मासा पाण्याबाहेर किती वेळ होता, आणि तो वेळ लपवण्यासाठी मध्ये दृश्य कापलेले आहे का? फोटोसाठी मासा वाळूवर किंवा होडीच्या तापलेल्या फळीवर ठेवलेला दिसला, तर संवर्धनाची भाषा तिथेच संपते. खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाचे वाताशय, म्हणजे शरीरातली हवेची पिशवी, फुगून जठर तोंडातून बाहेर येते. ते जठर म्हणजे हवेची पिशवी समजून टोचणारी व्यक्ती माशाची रचना जाणत नाही. जाणती व्यक्ती वजन लावलेल्या साधनाने माशाला परत खोलवर नेऊन सोडते, किंवा मुळात इतक्या खोलात फक्त सोडण्यासाठी म्हणून मासेमारी करत नाही.

आणि शेवटी ती काय बोलते ते ऐकावे. ‘पाहा, कसा झपकन पळाला’ एवढ्यावर जी थांबते, तिला पुढचे ठाऊक नसते किंवा सांगायचे नसते. सोडलेला मासा काही तासांनी किंवा दिवसांनीही मरू शकतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक अभ्यासांची सरासरी काढली, तेव्हा सोडलेल्या माशांपैकी सरासरी १८ टक्के मरतात असे दिसले, आणि जात, गळ कुठे रुतला, खोली व पाण्याचे तापमान यांनुसार हे प्रमाण नगण्यापासून फार मोठ्यापर्यंत बदलत होते. पाणी तापले की आज गळ टाकणार नाही, असे जी प्रसिद्ध व्यक्ती आपल्या प्रेक्षकांना सांगते, तिने एक चित्रफीत आणि तिचे उत्पन्न सोडलेले असते. माझ्या लेखी हा फार मोठा पुरावा आहे.

मोठी मादी मारून तिच्यासोबत उभे राहणाऱ्या नामवंताने ‘म्हातारा मासा काढला तर नुकसान नाही’ असे सांगितले, तर २०१८ च्या एका संशोधनाची आठवण ठेवावी. अटलांटिक कॉडची ३० किलोची एक मादी जितकी अंडी घालते, तितक्यांसाठी दोन किलोच्या २८ माद्या लागतात, असे त्यात दाखवले आहे. मासे पाण्यात सोडण्याच्या जाहीर कार्यक्रमांनाही हीच नजर लावावी. कोणती जात सोडली आणि ती मूळची तिथली आहे का? १९५० च्या दशकात आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सोडलेल्या नाईल पर्चने पुढे तिथल्या सिक्लिड माशांच्या शेकडो स्थानिक जातींवर संकट आणले. मासे सोडणे म्हणजे संवर्धन, हे समीकरण प्रत्येक वेळी तपासावे लागते.

पैसा आणि संबंध

गळाच्या दांड्या बनवणारी कंपनी, मासळी उद्योग, संवर्धन संस्था, सरकार, यांपैकी कुणाचा तरी पैसा या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक नामवंताकडे येतो. त्यामुळे पैसा आहे एवढ्यावरून कुणाला बाद करू नये आणि तो संवर्धन संस्थेचा आहे एवढ्यावरून पवित्रही मानू नये. २०१६ मध्ये ग्रीनपीसने हिलबोर्न यांच्यावर उद्योगाकडून मिळालेला निधी पुरेसा उघड न केल्याचा आक्षेप घेतला होता, त्यांच्या विद्यापीठाने चौकशी केली आणि नियमभंग झालेला नाही असे सांगितले. अशा प्रकरणात आक्षेप आणि निर्णय दोन्ही वाचावेत, आणि मग त्या व्यक्तीच्या निबंधांतल्या माहितीकडे वळावे. संबंध उघड केलेले आहेत का, हा पहिला प्रश्न. आपल्याला पोसणाऱ्याला न आवडणारे असे या व्यक्तीने कधी काही म्हटले आहे का, हा दुसरा आणि अधिक कामाचा.

निबंध प्रतिष्ठित नियतकालिकात आला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नसते. सूक्ष्म प्लास्टिकमुळे माशांच्या पिल्लांवर होणाऱ्या परिणामांविषयी ‘सायन्स’मध्ये २०१६ साली आलेला एक निबंध इतर संशोधकांनी प्रयोगाबद्दल शंका घेतल्यावर २०१७ मध्ये मागे घेण्यात आला. तोपर्यंत त्याच्या बातम्या जगभर झाल्या होत्या. ज्या प्रसिद्ध व्यक्तींनी तो निष्कर्ष आपल्या भाषणात वापरला, त्यांनी निबंध मागे घेतल्याचेही सांगितले का, हे शोधणे फार अवघड नसते.

पदवी नसलेल्यांचा अधिकार

वर्षानुवर्षे एकाच पाण्यात काम करणाऱ्या मच्छीमाराचे ज्ञान अनेकदा कुठल्याच निबंधात नसते. १९७० च्या दशकात प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर रॉबर्ट जोहान्स या सागरी जीवशास्त्रज्ञाने तिथल्या जाणत्या मच्छीमारांकडून कोणते मासे चंद्राच्या कोणत्या कलेला, कोणत्या जागी अंडी घालायला जमतात हे शिकून घेतले, आणि त्या माहितीने शास्त्रात मोलाची भर पडली. असे ज्ञान ओळखायची खूण म्हणजे त्याचा नेमकेपणा: जागा, हंगाम, पाणी, जाळ्याचा डोळा, मासा किती लांबीचा. ज्याचे बोलणे आपल्या पाण्याच्या हद्दीत असे नेमके असते, पण सगळ्या समुद्रांबद्दल विचारल्यावर जो सावध होतो, त्याच्याकडून शिकावे.

शेफ किंवा अभिनेते मोहिमेत उतरतात तेव्हा त्यांनी तज्ज्ञ असण्याची गरज नसते. त्यांनी तज्ज्ञाची जागा घेऊ नये, इतकेच. ब्रिटनमधले शेफ आणि दूरचित्रवाणी निवेदक ह्यू फर्नली-व्हिटिंगस्टॉल यांनी २०१० मध्ये पकडलेले मासे मेलेल्या अवस्थेत परत समुद्रात फेकण्याविरुद्ध मोहीम सुरू केली. विषय मर्यादित होता, डेकवर जे घडत होते ते कॅमेऱ्याला दिसत होते, आणि मच्छीमारांनाही ती नासाडी नको होती. युरोपीय संघाने २०१३ मध्ये धोरण बदलले आणि २०१५ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने पकड बंदरावर आणण्याची सक्ती लागू केली. त्या नियमाची समुद्रावर अंमलबजावणी कशी व्हावी हा पुढचा प्रश्न मात्र कठीण निघाला, आणि त्याचे उत्तर शेफकडे मागण्यात अर्थ नव्हता.

प्रत्यक्ष विचारताना

इतके केल्यावरही शंका राहिली, तर त्या व्यक्तीलाच विचारावे. प्रश्न आदराने, एकच आणि उत्तर देता येईल असा असावा: ‘आपण सांगितलेला आकडा कोणत्या साठ्याचा आणि कोणत्या वर्षाचा आहे?’ किंवा ‘आपले हे मत कोणत्या माहितीमुळे बदलेल?’ उत्तरात मूळ अहवालाचे नाव आले, मर्यादा सांगितल्या गेल्या, किंवा ‘हे माझ्या विषयाबाहेरचे आहे, अमुक अभ्यासकाला विचारा’ असे आले, तर त्या व्यक्तीवरचा विश्वास वाढवावा. उत्तरादाखल आपली प्रसिद्धी, अनुभवाची वर्षे किंवा विरोधकांचे हेतू पुढे केले गेले, तर तो दावा बाजूला ठेवावा, आणि त्याच व्यक्तीचे तिच्या स्वतःच्या क्षेत्रातले दुसरे म्हणणे मात्र स्वतंत्रपणे तपासावे. एकही उत्तर आले नाही, तर त्यावरून काहीच ठरवू नये, कारण नामवंतांना रोज असंख्य पत्रे येतात. तेव्हा अन्न व कृषी संघटनेचे अहवाल, ईशान्य अटलांटिकसाठी १९०२ पासून काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरी संशोधन परिषदेची वार्षिक शिफारस, किंवा त्या त्या देशाच्या मत्स्यविभागाचे साठ्यांचे मूल्यमापन स्वतः उघडावे, आणि कागदावर लिहून ठेवलेले ते एक वाक्य त्याच्याशी ताडून पाहावे.